वाय-फाय तुमच्या नावावर आहे

फायबर जोडायला आलेला मुलगा खांबावरून तार ओढतो, भिंतीला भोक पाडून ती आत घेतो, आणि डब्यावरचे दिवे हिरवे झाले की विचारतो, "काका, पासवर्ड काय ठेवू?" काकांचे लक्ष टीव्हीवर. "ठेव काहीतरी सोपं. मोबाईल नंबरच ठेव." मुलाला अजून दोन जोडण्या उरकायच्या असतात, एक पिंप्राळ्यात, एक शिव कॉलनीत. तो नंबर टाकतो, सही घेतो आणि शिडी खांद्यावर टाकून निघतो. जळगाव असो की धुळ्याचे देवपूर, घरोघरच्या वाय-फायची सुरक्षा या एका वाक्यात ठरते आणि पुढे कित्येक वर्षे तिला कुणी हात लावत नाही.

त्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही. नेट चालू करून देणे हे त्याचे काम, ते त्याने चोख केले. पण जोडणीच्या अर्जावर आधार कार्ड तुमचे, सही तुमची. त्या डब्यातून जे काही बाहेर जाईल ते कंपनीच्या नोंदीत तुमच्या नावावर पडते. मग ते तुम्ही पाठवलेले असो, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने, की त्या भाडेकरूच्या कधी न पाहिलेल्या मित्राने. वाय-फायचा पासवर्ड देणे म्हणजे 'थोडे नेट देणे' असे आपण समजतो. खरे तर आपण आपले नाव वापरायला देतो.

याचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राने २००८ मध्ये घेतला. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपास यंत्रणेने तो कुठून निघाला याचा माग काढला आणि पोलीस जाऊन थडकले नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहत होता एक अमेरिकन नागरिक. त्याच्या वाय-फायला पुरेसे कुलूप नव्हते आणि त्याचाच फायदा कुणीतरी घेतला होता. तो यातून सुटला, पण चौकशी, जप्त झालेला संगणक, वर्तमानपत्रांत आलेले नाव, हे सगळे भोगून. पुढच्या दोन महिन्यांत त्याच मालिकेतले ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. २००९ उजाडताच मुंबई पोलीस उपकरणे घेऊन रस्त्यारस्त्यांवर उघडी वाय-फाय शोधत फिरू लागले.

आपल्याकडे कोण येतेय असले उद्योग करायला, असे वाटणे साहजिक आहे. बॉम्बस्फोटाचा ई-मेल कुणी जळगावातून पाठवेल असे मीही म्हणत नाही. पण ऑनलाइन जुगार, बनावट खात्यावरून एखाद्या मुलीला त्रास देणे, कुणाच्या तरी खात्यातून पैसे वळवणे, हे प्रकार आता जिल्ह्याच्या गावांतही होतात. त्या प्रकारांचा माग काढत येणारा पोलीसही आधी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचेच दार वाजवतो.

तर आता तो डबा उलटा करून बघा. मागे किंवा खाली एक पांढरे लेबल असते. त्यावर वाय-फायचे मूळ नाव, मूळ पासवर्ड आणि बहुतेकदा आकड्यांचा एक पत्ता छापलेला असतो: १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. जिओच्या डब्यांना १९२.१६८.२९.१ असतो. लेबल पुसले गेले असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या नावावर टिचकी मारा. तिथल्या तपशिलात 'गेटवे' किंवा 'राउटर' अशा शब्दापुढे हाच पत्ता दिसतो. तो क्रोमच्या वरच्या पट्टीत, इंग्रजी आकड्यांत, टाइप केला की राउटरचे पान उघडते. त्यासाठी इंटरनेट चालू असण्याचीही गरज नाही, फोन त्या वाय-फायला जोडलेला असला की पुरे. पान उघडताना फोनने 'ही साइट सुरक्षित नाही' असे म्हटले तर घाबरू नका. घरातल्या घरातले पान आहे, त्याला बाहेरचे प्रमाणपत्र नसते.

पान उघडताच ते नाव आणि पासवर्ड मागते. हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. एका डब्याला दोन कुलपे असतात. एक वाय-फायला जोडले जाण्याचे, जे पाहुणे मागतात. आणि दुसरे राउटरच्या सेटिंगचे, जे आहे हेच अनेकांना माहीत नसते. हे दुसरे कुलूप कारखान्यातून 'ॲडमिन-ॲडमिन' अशा जोडीने येते आणि तसेच राहते. जो आपल्या वाय-फायला जोडला गेला, त्याला ते उघडायला दोन मिनिटे पुरतात. एकदा तिथे पोहोचला की तो तुमचा पासवर्ड वाचू शकतो, बदलू शकतो, आणि बँकेचा पत्ता टाइप केल्यावर फोनने कुठे जायचे हेही वळवू शकतो.

हे कुलूप बाहेरूनही फोडता येते. २०१७ च्या जुलैत बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम एकाएकी बंद पडले. साठ हजारांवर मोडेमना फटका बसल्याच्या बातम्या आल्या. इंटरनेटवर फिरणारा एक घातक प्रोग्राम मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम हुडकून आत शिरत होता आणि त्यांची स्मृती पुसून टाकत होता. ज्यांनी पासवर्ड बदलला होता त्यांचे मोडेम टिकले. त्याच्या आदल्या वर्षी 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि राउटर याच वाटेने ताब्यात घेतले होते. त्याच्याकडे होती फक्त कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी. तेवढ्यावर लाखो उपकरणे त्याच्या हाती लागली.

म्हणून पहिले काम हे: सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदला. तो 'मॅनेजमेंट', 'सिस्टिम' किंवा 'ॲडमिनिस्ट्रेशन' अशा सदरात सापडतो. कंपनीने दिलेल्या काही डब्यांत ग्राहकाला थोड्याच गोष्टी बदलू देतात. तिथे अडलात तर ग्राहक सेवेला फोन करा आणि 'माझ्या राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलायचा आहे' असे नेमके सांगा. नुसते 'पासवर्ड बदलायचा आहे' म्हटले की समोरचा वाय-फायचाच बदलून देतो.

मोबाईल नंबर का नको

आता वाय-फायच्या पासवर्डाकडे येऊ. खान्देशात फिरताना मला आढळलेले पासवर्ड तीन जातींचे: मोबाईल नंबर, मुलाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन, आणि देवाचे नाव. मोबाईल नंबर दहा आकडी, म्हणजे भक्कम, असा समज आहे. हिशेब करून बघू. आपल्याकडचे मोबाईल नंबर सहा ते नऊ या आकड्यांनीच सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता झाल्या चारशे कोटी. तुमचा फोन राउटरला जोडला जाताना दोघांत एक ओळखदेख होते. शेजारच्या गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्याला ती टिपता येते. मग त्याने तिथे बसून राहायची गरज नाही. घरी जाऊन, खेळांसाठी घेतलेल्या साध्या ग्राफिक्स कार्डवर तो सेकंदाला काही लाख पासवर्ड पडताळून पाहू शकतो. चारशे कोटींचा निकाल दोन-तीन तासांत लागतो. आणि तुमचा नंबर दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर आणि सोसायटीच्या फलकावर असेल, तर त्याला ग्राफिक्स कार्डचीही गरज नाही.

उपाय अवघड नाही. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घ्या आणि एकामागे एक लिहा. शब्द मनाने ठरवू नका, कारण मन लगेच 'तापी गिरणा पांझरा बोरी' अशी नद्यांची रांग लावते, आणि रांग ओळखता येते. शब्दकोश किंवा वर्तमानपत्र उघडा, डोळे मिटून बोट ठेवा. आपल्याकडे एक जास्तीची सोय आहे, ती म्हणजे अहिराणी. पासवर्ड फोडणाऱ्यांच्या याद्या मुख्यतः इंग्रजी शब्दांच्या आणि चोरीला गेलेल्या पासवर्डांच्या असतात. त्यांत 'आंडोर' (मुलगा) सापडण्याची शक्यता फार कमी, आणि तो रोमन लिपीत कसा लिहायचा हे तुमचे तुम्हीच ठरवलेले असते. उदाहरणार्थ, आंडोर-सुतळी-कढई-मंगळ. (हा आता छापून आला, तेव्हा हा सोडून दुसरा घ्या.) लिहायचा मात्र रोमन अक्षरांत. वाय-फायचा पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा चालतो, पण देवनागरी अक्षरे बहुतेक राउटर घेत नाहीत. चार शब्द मिळून वीस-बावीस अक्षरे सहज होतात. अशा पासवर्डापुढे तेच ग्राफिक्स कार्ड हतबल होते, आणि घरातल्या आजीलाही तो सांगता येतो. चिन्हांनी भरलेला आठ अक्षरी पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नाही, मग तो फ्रिजवर चिकटवला जातो.

एक बारकी गोष्ट इथे सुटते. आजचे बहुतेक राउटर दोन वाय-फाय सोडतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे. नावेही कधीकधी दोन दिसतात, दुसऱ्यापुढे '५जी' लावलेले. लोक पहिल्याचा पासवर्ड बदलतात आणि दुसरे लेबलवरच्या पासवर्डानिशी चालूच राहते. दोन्ही तपासा. गच्चीवर किंवा मागच्या खोलीत नेट पोहोचावे म्हणून घेतलेला रिपीटर असेल तर त्यालाही स्वतःचे सेटिंगचे पान आणि स्वतःचा मूळ पासवर्ड असतो. उन्हाळ्यात निम्मे घर गच्चीवर झोपते, त्यामुळे आपल्याकडे रिपीटर घरोघर आहेत आणि त्यांच्याकडे कुणाचेही लक्ष नाही.

वाय-फायच्या नावाचे काय? नाव दिसले तर काही बिघडत नाही, पण त्यात आडनाव, फ्लॅटचा क्रमांक किंवा राउटरचे मॉडेल नको. 'पाटील ३०४' हे वाचणाऱ्याला दार कुठले ते सांगते. नाव लपवून ठेवण्याचा सल्ला बरेच देतात. त्याचा उपयोग नाही, ते लपलेले नाव साध्या ॲपने दिसते आणि घरातल्यांनाच जोडताना त्रास होतो.

पानावरचे बाकीचे खटके

वाय-फायच्या सदरात 'सिक्युरिटी' असे लिहिलेले असते आणि पुढे एक यादी उघडते. तिथे डब्ल्यूपीए३ असेल तर ते निवडा. हे २०१८ मध्ये आले आणि वर सांगितलेला, ओळखदेख टिपून घरी नेण्याचा मार्गच ते बंद करते. जुना फोन किंवा प्रिंटर जोडला गेला नाही तर 'डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय घ्या. डब्यात डब्ल्यूपीए३ नसेल तर डब्ल्यूपीए२ चालेल, फक्त सोबत 'एईएस' हवे, 'टीकेआयपी' नको. यादीत 'डब्ल्यूईपी' दिसले तर त्याकडे ढुंकूनही पाहू नका, ते २००१ मध्येच फोडले गेले. आणि राउटर डब्ल्यूईपीच्या पुढचे काही देतच नसेल तर तो राउटर बदला. जळगावात गोलाणी मार्केटला चक्कर मारली की साधा चांगला राउटर सहज मिळतो.

डब्ल्यूपीएस बंद करा. डब्याचे बटण दाबून पासवर्डाशिवाय फोन जोडायची ही सोय. तिच्यामागे एक आठ आकडी पिन असते. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे वाटते. पण २०११ मध्ये उघड झाले की शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो आणि उरलेले आकडे राउटर दोन तुकड्यांत तपासतो. दहा हजार अधिक एक हजार, इतक्याच प्रयत्नांत काम होते. मग वरचा वीस अक्षरी पासवर्ड असून नसल्यासारखा.

'रिमोट मॅनेजमेंट' म्हणजे घराबाहेरून सेटिंगचे पान उघडण्याची परवानगी, तीही बंद असू द्या. 'यूपीएनपी' म्हणजे घरातल्या उपकरणांना स्वतःहून बाहेरची वाट उघडू देणारी सोय, तीही बंद करा. त्यामुळे एखादा गेम किंवा कॅमेऱ्याचे ॲप अडले तर मगच चालू करण्याचा विचार करा.

पाहुणे, भाडेकरू आणि कॅमेरे

"भाऊ, तुम्हना वाय-फायना पासवर्ड काय शे?" पाणी प्यायच्या आधी हा प्रश्न येतो, आणि नाही म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही. नाही म्हणायचीही गरज नाही. बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असते. ते चालू करा, वेगळे नाव, वेगळा पासवर्ड द्या, आणि पाहुण्यांना घरातली इतर उपकरणे दिसू नयेत असा पर्याय असेल तर तोही निवडा. श्रावणात कानबाईच्या सणाला घर भाऊबंदांनी भरते, लग्नसराईत मांडवच्या मांडव नेट मागतो. कार्य आटोपले की त्या एका नेटवर्कचा पासवर्ड बदलला, झाले. कानबाईच्या प्रसादाचे रोट जसे भाऊबंदकीबाहेर जात नाहीत तसा मुख्य पासवर्ड घरातल्यांपुरता राहू द्या.

ही काळजी उगाच नाही. एकदा दिलेला पासवर्ड परत घेता येत नाही. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून कुठलाही जोडलेला फोन त्या वाय-फायचा क्यूआर कोड दाखवू शकतो आणि तो तिसऱ्याने टिपला की त्यालाही नेट मिळते. तुमच्या पुतण्याला दिलेला पासवर्ड आठवड्याभरात त्याच्या अभ्यासिकेतल्या चौघांकडे असतो. पुतण्याच्या मनात काही वाईट नसते.

भाडेकरूशी अर्धे-अर्धे बिल हा आपल्याकडचा सर्रास व्यवहार. माझे मत स्पष्ट आहे: त्याला स्वतःची जोडणी घ्यायला सांगा. आता महिन्याचे दर असे आहेत की वाचणारे दोन-अडीचशे रुपये या जोखमीपुढे काहीच नाहीत. तेही जमत नसेल तर निदान गेस्ट नेटवर्कच द्या, आणि तो खोली सोडेल त्याच दिवशी पासवर्ड बदला, किल्ली परत घेताना.

गेस्ट नेटवर्कचा आणखी एक उपयोग मला पाहुण्यांपेक्षाही मोलाचा वाटतो. स्मार्ट टीव्ही, वाय-फायचा बल्ब, दारावरचा कॅमेरा ही उपकरणे त्यावर टाका. स्वस्त कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरला कुणी वाली नसतो. तो कॅमेरा उद्या फुटला तरी ज्या फोनवर तुमचे बँकेचे ॲप आहे त्या फोनपर्यंत त्याला पोहोचता येऊ नये. (कॅमेरा गेस्टवर गेल्यावर फोनवर चित्र दिसेनासे झाले तर बघा, काही मॉडेलना दोघे एकाच नेटवर्कवर लागतात.) सराफ बाजारात किंवा घरातच दुकान असलेल्यांनी तर कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचा मूळ पासवर्डही आजच बदलावा. बसवून देणाऱ्याने तो सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ठेवलेला असतो.

आपल्या वाय-फायवर कोण कोण आहे ते पाहायचे तर सेटिंगच्या पानावर 'कनेक्टेड डिव्हाइसेस' ची यादी असते. ती वाचताना गोंधळ उडतो, कारण आजचे फोन स्वतःचा खरा ओळखक्रमांक न सांगता बनावट सांगतात, आणि यादीत नुसती विचित्र अक्षरे दिसतात. सोपी युक्ती अशी की घरातले सगळे फोन, टीव्ही, लॅपटॉप यांचे वाय-फाय बंद करा आणि मग उरते ते बघा. ज्या फोनवरून पान उघडले तो एक राहील. त्यापलीकडे काही दिसले तर पासवर्ड बदला. सगळे आपोआप बाहेर पडतात. नको असलेल्या फोनचा ओळखक्रमांक यादीत घालून अडवण्याच्या भानगडीत पडू नका, तो फोन नवा बनावट क्रमांक घेऊन परत येतो.

अपडेट, ऊन आणि वीज

राउटरच्या आतही एक सॉफ्टवेअर असते, त्याला फर्मवेअर म्हणतात, आणि त्यातही चुका सापडतात. कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यात कंपनी स्वतःच सुधारणा टाकत असते. बाजारातून घेतलेल्या राउटरची जबाबदारी आपली. सेटिंगच्या पानावर 'फर्मवेअर अपग्रेड' असते, सहा महिन्यांतून एकदा बघावे. मात्र हे काम चालू असताना वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून तो आधी इन्व्हर्टरवर किंवा राउटरसाठी मिळणाऱ्या छोट्या बॅटरीवर घ्या, आणि ढग भरून आलेली जूनची संध्याकाळ टाळा. राउटर घराच्या मध्यावर, मोकळ्या हवेत ठेवा. खिडकीत ठेवला तर अर्धे सिग्नल रस्त्याला जातात, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की उन्हाची तिरीप येणाऱ्या बंद कपाटात तो तापून बंद पडतो. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ फार पुढे जात नाही. तिथे २.४ च वापरावे लागेल, आणि ते बाहेर दूरवर पोहोचते हे ध्यानात ठेवून पासवर्ड मजबूत हवा.

नेट बंद पडले की टाचणी घेऊन 'रीसेट' चे भोक दाबायची सवय अनेकांना असते. कधी दुरुस्तीला आलेला मुलगाच दाबतो. त्या दहा सेकंदांत तुम्ही केलेले सगळे पुसले जाते, मूळ पासवर्ड परत येतो, डब्ल्यूपीएस चालू होते. फायबरच्या काही डब्यांत तर कंपनीची जोडणीची माहितीही उडते आणि मग कारागीर येईपर्यंत नेट नाही. आधी नुसता बंद करून चालू करून पाहा. रीसेट झालाच तर सगळे पुन्हा करायचे आहे हे लक्षात असू द्या. दोन्ही पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवलेले असले की ते काम सोपे होते. घरातल्या वहीत लिहिण्यात काही वावगे नाही, राउटर फोडणारा कपाट उघडायला येत नाही.

इतके करूनही बँकेचे पान नेहमीपेक्षा वेगळे दिसू लागले किंवा सगळ्या फोनवर सारख्याच विचित्र जाहिराती येऊ लागल्या, तर राउटरच्या 'डीएनएस' या सदरात डोकवा. तिथे साधारणतः 'ऑटोमॅटिक' असते. तुम्ही न टाकलेले आकडे दिसले तर कुणीतरी आत येऊन गेले आहे असे समजा, कंपनीला बोलवा, रीसेट करून नव्याने सगळे बसवा. फोन-संगणकात शिरलेले घातक प्रोग्राम काढण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावर मिळतात, ते २०१७ पासून चालू आहे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

कंपनी बदलली, घर बदलले, राउटर भंगारात दिला किंवा कुणाला वापरायला दिला, तर त्या वेळी मात्र टाचणी जरूर वापरा. जुन्या डब्यात तुमचा पासवर्ड आणि जोडणीचे नाव तसेच असते. आणि कंपनीकडून जोडणी बंद केल्याचा संदेश किंवा पावती आल्याशिवाय डबा परत करून मोकळे होऊ नका. जोडणी चालू राहिली तर ती अजून तुमच्याच नावावर असते.